एक नंबरचा बदली

शालन शिवशरण भुताला घाबरत नव्हती, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. घरची शिकवणच तशी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मरीआईपासून म्हसोबापर्यंत घरातले सगळे देव एका पाटीत भरून मंगळवेढ्याच्या ओढ्यात सोडले होते. तेव्हापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, अमावस्या पाळणं नाही. शालन तेव्हा एवढीशी होती. देव पाण्यात बुडाले आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही, हे तिनं काठावर उभं राहून बघितलं होतं. पुढं कुणी भीती घालायला लागलं की ती हीच गोष्ट काढायची.

पोरगी हुशार, पण तोंडानं तिखट. मॅट्रिक झाली, नवी पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर टायपिंग शिकली आणि सोलापुरातल्या एका मोठ्या कापड गिरणीच्या मशीन खोलीत नोकरीला लागली. आप्पांनी त्याच गिरणीत जन्म काढला होता, पण सूत कातायच्या खात्यात. कापड विणायच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांच्या लोकांना कुणी उभं करत नसे. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढावं लागायचं, आणि यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. त्या गिरणीत आता त्यांची पोरगी पंख्याखाली खुर्चीत बसू लागली. आप्पा आवारातून जाताना मान वर करून तिच्या खिडकीकडं बघायचे आणि कुणी बघितलं की मान खाली घालायचे.

मशीन खोलीत टॅब्युलेटर नावाचं एक लोखंडी धूड होतं, विलायती कंपनीकडून भाड्यानं आणलेलं. गिरणीतल्या प्रत्येक माणसाचं एक जाड कार्ड असायचं. शालन दिवसभर पंचिंग मशीनवर बसून त्या कार्डांना भोकं पाडायची. कुठलं भोक कुठल्या रकान्यात पडलं यावर माणसाचा नंबर, नाव, खातं, हजेरी, विणलेलं कापड, सगळं ठरायचं. कार्डांचा गठ्ठा त्या धुडात घातला की खडखडाट सुरू व्हायचा आणि दुसऱ्या अंगानं लांबलचक कागदावर अख्खी गिरणी छापून बाहेर यायची. खोलीचे प्रमुख त्रिंबकराव. यंत्राच्या पाठीमागच्या तारा या भोकातून काढून त्या भोकात खोचण्यात त्यांचे केस पिकले होते. आपण नसलो तर गिरणीला आपली माणसं कोण ते कळणार नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीलाच शालनच्या हाती गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड आलं. नंबर एक. नाव जोत्या. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, जन्मतारीख नाही. खातं साचेखातं, साचा पहिला. हजेरी रोजची. विणलेलं कापड मात्र कधीच नाही.

तिनं विचारलं तेव्हा त्रिंबकरावांनी आवाज खाली आणला. हा गिरणी बांधली तेव्हाचा माणूस. तेव्हाच मेला. त्याला रोज हजर दाखवायचं, अशी पहिल्या मॅनेजरपासूनची रीत आहे. गिरणीचा नियमच आहे की माणूस गैरहजर राहिला तर त्याच्या जागी बदली उभा राहतो. जोत्याची गैरहजेरी लागली तर तोही बदली मागणार. आणि त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी तोंडातून काढत नव्हतं.

फाटकाशी बिल्ल्यांचा मोठा फळा होता. आत जाताना कामगार आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा, सुटला की परत अडकवायचा. कोण आत आहे आणि कोण बाहेर, ते फळ्याकडं बघून कळायचं. त्या फळ्याचा पहिला खिळा गिरणी झाल्यापासून रिकामा होता. पहिल्या साच्यावरही कायमचा माणूस कधी नेमत नसत. तो साचा गिरणीच्या धुराच्या चिमणीच्या भिंतीला लागून होता, आणि रोज जो कुणी जास्तीचा असेल त्याला तिथं ढकलायचं, अशी पद्धत होती.

शालनला हसू आलं. पण नोकरी नवी होती, आणि मेलेल्याला हजर दाखवण्यात आपल्या पदरचं काय जातं, असं म्हणून तीही रोज जोत्याच्या कार्डाला भोक पाडायला लागली. वर्षं गेली. सवय अशी झाली की सकाळी पहिलं भोक त्याचंच पडायचं.

तिचा खरा जीव अडकला होता तो भावात. हरिदास तिच्याहून धाकटा, पोरवयापासून त्याच गिरणीत बदली कामगार. बदलीचं जिणं म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी आलं नसेल तर आत, सगळे आले असतील तर डबा तसाच घेऊन घरी. आई सोजरबाई त्या डब्याच्या वजनावरून ओळखायची पोराला काम लागलं की नाही. हरिदास बावीस-तेवीसचा, हसरा, उंचापुरा. पण बदल्याला पोरगी कोण देणार? घरात दुसरा विषय नव्हता. हरिदास कायम कधी होणार, एवढाच.

अशात सत्त्याहत्तर साल उजाडलं आणि बातमी आली की ती विलायती कंपनी देशातून गाशा गुंडाळतेय. आता या यंत्राचं काय? त्याचे सुटे भाग कुठून येणार, कार्डं कोण छापणार? भाड्याचं यंत्र कंपनी विकत देत नव्हती. परत नेते आणि घणानं फोडते, असं ऐकिवात होतं. त्रिंबकराव कार्डांचे खोके पुन्हापुन्हा बघायचे आणि म्हणायचे, हे संपले की आपण संपलो. चहाच्या टपरीवर, युनियनच्या हाफिसात, सगळीकडं तीच चर्चा. कंप्युटर आला की निम्मी गिरणी घरी बसणार, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा, आणि कंप्युटर बघितलेला त्यात एकही नव्हता.

तो आला. देशी बनावटीचा, तीन कपाटांएवढा. त्याच्यासाठी खोली गार करायचं यंत्र बसवलं. साचेखात्यात माणसं घामानं निथळत होती आणि त्या कपाटांना मात्र थंडीची चैन होती, यावर गिरणी महिनाभर हसली. त्याच्याबरोबर पुण्याहून एक तरुण साहेब आले, बोलायला गोड. त्यांनी समजावलं की कार्डं आता एकदाच वाचायची, मग सगळी माणसं टेपेवर चढवायची. टेपेवरच्या माणसाला रोज हात लावावा लागत नाही. मुद्दाम काढेपर्यंत तो तिथं राहतोच. कायम कुणाला करायचं हेही आता कंप्युटरच ठरवणार. एखादा नंबर रिकामा दिसला की सगळ्यांत जुना बदली आपोआप त्या जागी कायम. वशिला नको, माणसं नेमणाऱ्या जॉबरच्या पाया पडणं नको.

शालनला ते ऐकून पहिल्यांदाच एखाद्या यंत्राबद्दल आदर वाटला. जन्मभर ज्यांना माणसांनी डावललं, त्यांना हे कपाट तरी डावलणार नाही, असं तिच्या मनात आलं. आणि ते तिला फार गोड वाटलं.

कार्डं टेपेवर चढवायची त्या दिवशी त्रिंबकराव पुतणीच्या लग्नाला वैरागला गेले होते. साहेबांनी गठ्ठ्यातलं पहिलंच कार्ड हातात घेतलं. म्हणाले, याला जन्मतारीख नाही, मशीन घेत नाही, कोण आहे हा माणूस?

थांबा, त्रिंबकराव येऊ देत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण शालनच्या डोळ्यांसमोर तो ओढा आला आणि पाण्यात गेलेली ती पाटी आली.

"तो माणूसच नाही, साहेब," ती म्हणाली. "अंधश्रद्धा आहे. काढून टाका."

साहेबांनी काढून टाकलं. ते कार्ड तिनं जुन्या गठ्ठ्यात परत ठेवलं, कारण नव्याची खात्री पटेपर्यंत जुनं यंत्रही बरोबरीनं चालवायचं होतं आणि दोन्हींचे कागद ताडून बघायचे होते.

पहिला कागद नव्या यंत्रातून बाहेर आला. पहिलीच ओळ. नंबर एक, हरिदास शिवशरण, साचा पहिला, कायम.

घरी दिवाळी झाली. सोजरबाई रडली, हसली, परत रडली. आळीत पेढे वाटले. आप्पा साचेखातं हा शब्द दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज फाटला. आपला पोरगा साच्यावर, तेही कायम. नंबर कुठला, हे त्यांनी विचारलं नाही आणि शालननं सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं, पण जीभ उचलली नाही.

त्रिंबकराव वैरागहून आले, तो कागद बघितला आणि खुर्चीत बसले. शालननं जे काय केलं ते ताठ मानेनं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की हरिदास तुझा सख्खा भाऊ का?

टाइम ऑफिसनं हरिदाससाठी एक नंबरचा नवा बिल्ला पाडून घेतला. तो कामावर चढला आणि पहिले काही दिवस खुशीत होता. घरी येऊन एकच नवल सांगायचा. चहा पिऊन परत येईपर्यंत साचा बंद असायला हवा, तर तो चालू असतो. तुटलेले धागे जोडून ठेवलेले असतात, आणि गाठ त्याची नसते. साचेखात्याचा जॉबर चनमल्लप्पा, पन्नाशी उलटलेला, कानडी वळणाचं मराठी बोलणारा माणूस. त्यानं ती गाठ डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाला की अशी गाठ आता कुणी मारत नाही, माझ्या आजाच्या हातची अशी असायची. तिथं दुसरं कोण होतं, असं विचारल्यावर कुणीच नव्हतं म्हणाला आणि निघून गेला. हरिदासला त्याचं काही वाटलं नाही. कुणीतरी मदत करतंय, बरंच हाय की, असं तो म्हणायचा.

मशीन खोलीतही एक गोष्ट घडत होती. दोन्ही यंत्रांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की हजारो ओळी बिनचूक जुळायच्या, फक्त पहिली जुळायची नाही. नव्या कागदावर हरिदास आणि त्यानं विणलेलं कापड. जुन्या कागदावर जोत्या, आणि त्याच्या पुढं, जिथं कधी काही नसायचं तिथं, कापड. साच्याचा आकडा नंबर एकच्या खाती जाणार, आणि जुन्या गठ्ठ्यात तो नंबर जोत्याचा, म्हणून तो तिथं छापला जाणार, एवढं शालनला कळत होतं. पण जुन्या कागदावर हरिदासच्या कापडाहून जास्त कापड असायचं, आणि ते रोज वाढत होतं. पंच करणारी ती एकटीच होती. तिनं कार्डं उजेडासमोर धरून भोकं तपासली. दोन्ही सारखीच होती. साहेब म्हणाले जुनं यंत्र झिजलंय, त्याला आता विश्रांती द्या. त्रिंबकरावांनी त्या यंत्राच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं की भीती, ते कळलं नाही.

मग हरिदास बदलायला लागला. आधी तहान. गिरणीतून आला की माठाला तोंड लावल्यासारखा तांब्यामागून तांब्या रिचवायचा आणि तरी ओठ कोरडे. सोजरबाई त्याच्या केसांना तेल लावायला बसली तर हाताला पांढरी पूड लागली. तिला वाटलं कापूस असेल. शालननं चिमटीत घेऊन बघितली. चुना होता. साचेखात्यात चुना कुठून येणार?

तो हसेनासा झाला. ताट वाढलं तरी उंबऱ्याकडं बघत राहायचा. नावानं हाक मारली तर मान वळवायचा नाही. एकदा चनमल्लप्पानं खात्यात सहज चाचणी म्हणून, म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या नावानं, 'जोत्या' अशी हाक मारली, आणि हरिदास "जी" म्हणाला. चनमल्लप्पा दुसऱ्या दिवशी तापानं घरी राहिला.

गिरणीच्या सुट्टीचा वार होता. टळटळीत दुपार, पत्रे तापलेले, आळीत चिटपाखरू नाही. शेजारच्या गिरणीचा बाराचा भोंगा झाला. एवढा मोठा की सोजरबाईनं कानावर हात ठेवला. हरिदास भिंतीला पाठ लावून बसला होता. भोंगा विरला आणि तो अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात बोलला.

"ताई, भोंगा कवा वाजतुया गं? लई येळ झाला. सुट्टीच हुईना."

आता मात्र शालनला कबूल करावं लागलं की ती घाबरली आहे, पहिल्यांदाच, आणि भलतीच.

ती आप्पांकडं गेली. ते बाहेर लिंबाखाली बाजेवर होते. तिनं सगळं सांगितलं, नंबर एक, कार्ड, साहेबांना आपण काय बोललो ते. तिला वाटलं आप्पा चिडतील, आपली पोरगी भुताच्या गोष्टी सांगते म्हणून. आप्पा चिडले नाहीत. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"भूत न्हाय ते," आप्पा म्हणाले. "मानूस हाय. आपल्यातला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे शालनच्या आज्यानं, त्यांना सांगितलेलं, आणि त्यांनी कुणालाही न सांगितलेलं. गिरणी बांधताना चिमणी उभी राहत नव्हती. दोनदा कलली. कंत्राटदाराला कुणीतरी सांगितलं की ती माणूस मागतेय. चुन्याचा घाणा चालवायला मंगळवेढ्याकडची माणसं होती, त्यात शालनचा आजा होता आणि त्याच्याच वयाचा जोतीराम होता. एक दिवस दुपारी भाकरीच्या सुट्टीआधी जोतीरामला पायाच्या खड्ड्यात उतरवलं, चुना सारखा कर म्हणून. भोंगा व्हायच्या आत ये, असं कुणी म्हणालं नाही. वरून चुन्याचे गाडे त्याच्यावर रिकामे झाले. त्यानं आतून पाणी मागितलं, ते आज्यानं ऐकलं. पाणी घेऊन धावला तर त्याला धरून ठेवलं.

"बायकू फाटकाशी बसून ऱ्हायली, भोंगा झाला की यील म्हनून," आप्पा म्हणाले. "तिला गप करायला त्याचं नाव मस्टरात पयलं घातलं, चिमणीला लागलेल्या साच्यावर. हजर हाय म्हनलं. आन तवापास्नं त्येला हजरच ठिवलंय. देव सोडलं मी ओढ्यात, पर ह्ये कुटं सोडू?"

शालनला रडू आलं नाही, संताप आला. ती ज्याला अंधश्रद्धा म्हणाली होती त्याला आई होती, बायको होती, आणि घोटभर पाणी हवं होतं. वर्षानुवर्षं आपण रोज सकाळी पहिलं भोक पाडून त्याला परत त्या खड्ड्यात ढकलत होतो, असं तिला वाटलं, आणि ते मनातून जाईना.

जुनं यंत्र न्यायला कंपनीची माणसं यायची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात त्रिंबकरावांनी तिला बाजूला घेतलं. त्यांनी तोड काढली होती. साहेबांना पटवून जोत्याला कशीतरी जन्मतारीख देऊन टेपेवर चढवायचं. मग तो कायम हजर. हरिदास पुन्हा बदली होईल, पण जिवानिशी सुटेल. आणि आता रोज भोक पाडायचीही गरज नाही, यंत्रच त्याला हजर ठेवील, आपण मेल्यावरही.

शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. शालन ते ऐकून गार झाली. कार्ड होतं तोवर निदान ते फाटलं असतं, वाळवीनं खाल्लं असतं, पंच करणारी एखादी विसरली असती. टेपेवर गेला की मुद्दाम काढेपर्यंत तो राहतोच. खड्ड्यातल्या त्या माणसाची दुपार कधीच संपणार नव्हती. भावाला वाचवायचा सोपा रस्ता समोर होता, आणि तिला तो धरवेना. पण नाही धरला तर हरिदास आज ना उद्या त्या साच्यापाशीच, जोत्याच्या जागी, अडकून राहील, हेही तिला दिसत होतं.

ती साहेबांकडं गेली आणि तिनं एकच विचारलं. नवं यंत्र माणसाला गैरहजर दाखवतं, हजर दाखवतं, काढूनही टाकतं. निवृत्त करतं का?

साहेब म्हणाले अर्थात करतं, त्याचं वेगळं कार्ड असतं. जुन्या यंत्रात ती सोयच नव्हती. तिथं म्हाताऱ्याचं कार्ड गठ्ठ्यातून नुसतं काढून घ्यायचे.

जोत्याला निवृत्त करायचा तिचा बेत ऐकून त्रिंबकराव हादरले. निवृत्तीच्या कार्डाच्या कागदावर प्रमुखाची सही लागायची. तो गेला तर चिमणी कुणाच्या जिवावर उभी राहणार, असं त्यांनी विचारलं. शालन म्हणाली की विटांच्या. आणि विटांच्यानं होत नसेल तर पडू दे. मग त्रिंबकरावांनी सही केली.

हरिदासला परत बदल्यांत टाकून एक नंबर आधी जोत्याच्या नावे करायचा होता, आणि त्यासाठी यंत्राला जन्मतारीख हवी होती. तिनं आज्याच्या जन्माचं साल घातलं. पूर्ण नाव हवं होतं, आडनावाची जागा रिकामी चालत नव्हती. तिनं जोतीराम घातलं, जोत्या नाही, आणि पुढं स्वतःचं आडनाव घातलं. आप्पांना तिनं सकाळीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, घाल की, आपलं न्हाय तर कुनाचं घालशील?

तिनं कार्ड नव्या यंत्रात सोडलं. ते गार कपाट क्षणभर थांबलं आणि मग त्यानं इंग्रजीत, निवृत्त होणाऱ्या कुणाही माणसासाठी छापतं तेच छापलं. नंबर एक, जोतीराम शिवशरण, आजपासून निवृत्त. बिल्ला जमा करावा.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत जुनं यंत्र खडखडून बंद पडलं. त्रिंबकराव म्हणाले की त्यांनी बटणाला हात लावला नव्हता.

पहिली पाळी सुटायचा भोंगा झाला. एप्रिलचं ऊन डोळ्यांत शिरत होतं. कामगार फाटकाशी लोटले, एकेक जण बिल्ला खिळ्याला अडकवून बाहेर पडायला लागला. शालन फळ्यापाशी उभी होती. गर्दीतून हरिदास आला, खिशातून चकचकीत बिल्ला काढला आणि पहिल्या खिळ्याकडं हात नेला. हात तिथंच थांबला.

खिळ्यावर आधीच एक बिल्ला होता. जाड, काळा पडलेला, जुन्या घडणीचा, आणि त्याच्या खाचांत चुना बसलेला. चनमल्लप्पानं तो बोटानं पुसला. एक नंबर होता. कुणी अडकवला, हे फाटकावरच्या पठाणालाही सांगता येईना, आणि तो पठाण दिवसभर तिथून हललेला नव्हता.

"ताई," हरिदास म्हणाला, त्याच्या स्वतःच्या आवाजात, "भूक लागलीया. आईनं काय केलंय?"

शालनला तिथं, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

गिरणीत रीत होती की माणूस निवृत्त झाला की त्याच्या खात्यातल्या लोकांनी हार घालून त्याला घरापर्यंत पोचवायचं. फाटकाबाहेर आप्पा उभे होते, धुतलेलं धोतर नेसून, हातात झेंडूचा हार. त्यांनी तो कुणाच्याही गळ्यात घातला नाही. हातात धरला आणि वळून घराकडं चालायला लागले. रस्त्याच्या मधून नाही, एका कडेनं, शेजारी एका माणसाची जागा सोडून. सावलीचा पट्टा आला की ते उन्हात सरकायचे आणि सावली मोकळी ठेवायचे. जरा वेळानं चनमल्लप्पा त्यांच्या मागं निघाला, आणि त्याच्या मागं साचेखात्यातली बरीच माणसं, ज्यांच्या बापांनी यांचा धोटा चालवून घेतला नव्हता ती. ती मोकळी जागा कुणी तुडवली नाही.

पुढं जुनं यंत्र गेलं. त्याचं काय केलं ते त्रिंबकरावांनी कधी विचारलं नाही. शालन नवं यंत्र चालवायला शिकली. रिकामा झालेला एक नंबर नियमानं हरिदासलाच आला, पुन्हा कायम, आणि पुढच्या उन्हाळ्यात अक्कलकोटकडची पोरगी सांगून आली. आता तो चहाला गेला की साचा बंद असतो. चिमणी आहे तिथंच आहे. जरा कललीय, असं काही जण म्हणतात, पण ते आधीही म्हणायचे.

शालनला भुताबद्दल कुणी विचारलं तर ती अजूनही नाही म्हणते. पण ओढ्याची गोष्ट ती आता सांगत नाही.

त्या दिवशी घराशी पोचल्यावर बाकीचे आळीच्या तोंडाशी थांबले. आप्पांनी हार उंबऱ्यावर ठेवला आणि आत बघून म्हणाले, "सोजर, पानी आन. दोन तांबे."

एक ते प्याले. दुसरा त्यांनी हाराशेजारी ठेवला आणि सगळ्यांना आत घेतलं. जेवणं झाल्यावर शालन उष्टं काढायला उठली, उंबऱ्यापाशी आली आणि तिनं तांब्या उचलला. तो हलका लागला.